शरीराची मुदत

मोहनदास गांधी १८८८ साली कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला पोहोचले तेव्हा ते जेमतेम १९ वर्षांचे होते. सभ्य इंग्रज गृहस्थ होण्याच्या ध्यासापायी त्यांनी तेथे जे उपद्व्याप केले, त्यांची हकीकत आत्मकथेत त्यांनी स्वतःच मिस्कीलपणे सांगितली आहे. नृत्याच्या वर्गाचे शुल्क म्हणून त्यांनी तीन पौंड भरले आणि तीन आठवड्यांत सहाएक धडे घेतले. पियानोची लय त्यांच्या कानाला कळेना, त्यामुळे पाऊल तालावर पडेना. मग कान तयार व्हावा म्हणून आणखी तीन पौंड खर्चून व्हायोलिन घेतले, आणि ते शिकवायला वेगळी शिक्षिका. सुमारे तीन महिन्यांत हे खूळ ओसरले; मिळेल त्या किमतीला व्हायोलिन विकून टाकावे अशी विनंती त्याच शिक्षिकेला करावी लागली.

याच माणसाने पन्नाशीच्या उंबरठ्यावर हात नव्याने वळवला. १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना चरख्याचा पुरस्कार करणाऱ्या गांधींना आपण तो कधी पाहिल्याचे आठवत नव्हते. पुढे गंगाबेन मजमुदार यांनी बडोदे संस्थानातील विजापूर येथे चरखा शोधून काढला, तो आश्रमात आला आणि गांधी सूत काढायला शिकले. ही विद्या मात्र टिकली. अखेरपर्यंत रोजच्या सुतावाचून त्यांचा दिवस पुरा होत नसे.

एकच शरीर एक विद्या नाकारते आणि दुसरी स्वीकारते, हे कसे? सोपे उत्तर असे की, पहिलीच्या मुळाशी हौस होती, दुसरीच्या मुळाशी गरज; शरीर हौसेला दाद देत नाही, गरजेला देते. विद्यार्थ्यांपुढे हे उत्तर मी अनेक वर्षे मांडत आलो. ते नैतिकदृष्ट्या मोठे सोयीचे आहे, आणि म्हणूनच त्याच्याविषयी थोडा संशय बाळगायला हवा होता.

कारण टॉल्स्टॉय त्यात बसत नाही. १८९५च्या फेब्रुवारीत त्याचा सर्वांत धाकटा मुलगा वानिचका, सातव्या वर्षी, तापाने गेला. त्यानंतर थोड्याच काळात हा ६६ वर्षांचा शोकग्रस्त बाप सायकल चालवायला शिकला. येथे गरज कोणती? खेड्यातल्या शेतकऱ्यांना त्याचे आश्चर्य वाटावे, एवढी ही गोष्ट त्याच्या वयाला आणि विचारांना विसंगत होती. तरीही ती त्याला साधली. सायकल शिकणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की, ज्या दगडाला चुकवायचे त्याच्याकडे पाहिले की चाक नेमके त्याच्याकडेच वळते. तेवढ्या वेळापुरते मन दुसरीकडे जाऊन चालत नाही; दुःखाकडेसुद्धा नाही. हौस म्हणावी तर ही हौस फार निराळ्या जातीची आहे.

तेव्हा प्रश्न हौस की गरज हा नसून, शिकताना आपली नजर कोठे असते हा असावा. आपण स्वतःला मुदत घालतो, म्हणजे नजरेला दोन जागा देतो: एक समोरच्या वस्तूवर, दुसरी दिनदर्शिकेवर. लंडनमधल्या त्या तरुणाची नजर तर तिसऱ्याच जागी, आरशात होती. आरशासमोर टाय आणि भांग ठीक करण्यात रोज दहा मिनिटे जात, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे.

घाईच्या बाबतीत एक मौजेचा प्रयोग नमूद करण्यासारखा आहे. ब्रिटनच्या टपालखात्याला पत्रांच्या वर्गवारीसाठी आपल्या माणसांना कळफलक शिकवायचा होता. अॅलन बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोज एकच तास सराव करणाऱ्या गटाला एकूण तास कमी लागले. रोज चार तास राबणाऱ्यांना अधिक. म्हणजे शरीर मधल्या रिकाम्या वेळातही काहीतरी मुरवत असते. पण याहून उद्बोधक गोष्ट पुढेच आहे: सर्वांत कमी तासांत शिकणारा हा एक तासाचा गटच आपल्या शिक्षणाविषयी सर्वांत असमाधानी होता. दिवस जास्त लागत असल्यामुळे आपण मागे पडतो आहोत असे त्यांना वाटत राहिले. घाईचे समाधान आणि शिकण्याची गती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्यांची गल्लत करतो.

म्हणून काय, माणसाने सावकाशच शिकावे? तसेही नाही. योगसूत्रांत पतंजली अभ्यासाला दीर्घकाळ, सातत्य आणि आदर यांची अट घालतो, आणि त्याच पादात, ज्यांची ओढ तीव्र त्यांना फळ जवळ असते, असेही सांगतो. त्याला यात विसंगती दिसत नाही. तीव्रता आणि घाई यांना आपण मराठीत पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो, ही आपली अडचण. शिवाय मुदतीच्या बाजूनेही बोलायला हवे. प्रौढ माणसाला हास्यास्पद व्हायची फार भीती असते; ‘एकच महिना’ असे स्वतःला बजावल्याशिवाय तो लंगोट लावून विहिरीच्या पायऱ्या उतरणारच नाही.

हे मी अनुभवाने लिहितो. वयाच्या ५६व्या वर्षी गावच्या नदीघाटावर एक मुलगा पाय घसरून डोहात गेला, आणि मी काठावर उभा राहून ओरडत राहिलो. शेरडे राखणाऱ्या एका माणसाने त्याला बाहेर काढले. मुलगा वाचला. त्या रात्री मी ठरवले की, महिन्याच्या आत पोहायला शिकायचे. हा पश्चात्ताप होता की दुखावलेला अहंकार, हे मला तेव्हा सांगता आले नसते. आजही नक्की सांगता येत नाही.

शिकवायला तयार झाला तो माझाच एक जुना विद्यार्थी, आता चार एकरांचा शेतकरी. एकोणतीसचा पाढा दोन दिवसांत पाठ झाला पाहिजे, अशी मुदत मी त्याला एकदा घातली होती आणि तो झाला नाही म्हणून आठवडाभर वर्गाबाहेर उभे केले होते. ते त्याला आठवत होते की नाही, कोण जाणे. त्याने माझ्या पाठीला सुके भोपळे बांधले, दोरीची गाठ दोनदा ओढून पाहिली आणि मला पाण्यात सोडले.

पहिले पाच दिवस मी हात मोजत होतो: काल अकरा, आज चौदा. नाकातोंडात पाणी जाई, तरी आकडा वाढला की बरे वाटे. सहाव्या दिवशी तो पायरीवरून म्हणाला, “गुरुजी, मोजू नका. मोजताना तुमचा श्वास अडतोय.” खरेच अडत होता. आकडा ओठांत धरून ठेवण्यासाठी मी छाती आवळून घेत होतो, आणि आवळलेले शरीर पाण्याला जड होते. मोजणे सोडल्यावर दोन दिवस तर मी आधीपेक्षाही वाईट पोहलो. मग केव्हातरी पाण्याचा गारवा लक्षात आला, कपारीतल्या पारव्यांचा आवाज लक्षात आला. इतके दिवस मी या विहिरीत उतरत होतो, पण तिच्यात नव्हतो.

महिना संपला तेव्हा पाठीवर एक भोपळा शिल्लक होता. मी पायरीवर बसून अंग पुसत होतो. “उद्या येणार ना, गुरुजी?” त्याने विचारले, तारीख त्याच्या खिजगणतीतही नव्हती. येईन म्हणालो. एकोणतीसच्या पाढ्याचे त्याला विचारावे असे ओठांवर आले होते, पण वीज आली होती आणि तो पंप सुरू करायला निघून गेला. ते विचारायचे अजून राहिलेच आहे.