तपास आणि पाळत

हेंद्रेपाड्यातून निघून आपण कोठे गेलो, कोणाच्या दारी थांबलो, हे खिशातील मोबाईल सांगू शकतो. ते जाणण्याचा पोलिसांना अधिकार किती? जामिनावरील आरोपीने गुगल नकाशावर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्यास दाखवीत राहावे, ही अट सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी रद्द केली. ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील खासगीपणाच्या हक्काचा भंग ठरली. गुन्ह्याचा तपास आवश्यकच. परंतु तपास वेगळा, पाळत वेगळी. पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमधील बारावी आयत संशय आणि हेरगिरी यांपासून एकत्रच रोखते. कारण हेरगिरी संशयातूनच जन्मते. ही मनाई केवळ राज्यकर्त्यांना नाही. जोडीदाराचा मोबाईल चोरून चाळणाऱ्या हातालाही ती लागू आहे. न्यायालयात हक्क मागणाऱ्याने तो आधी घरात द्यावा.