साहेबांचा सत्यनारायण

दिवाळीच्या सुटीनंतर विंचूरच्या उपबाजारात कांद्याचे लिलाव सुरू होतात, ते मुहूर्ताची पूजा करून. बाजार समितीची मंडळी नारळ फोडतात, ट्रॅक्टरला हार पडतो. बाजूला एखादा शेतकरी पूजेकडे पाठ करून तंबाखू मळत उभा राहिला तरी त्याचं काही अडत नाही. व्यापारी बोली लावतो ती कांद्याचा रंग, आकार, सुकवण बघून. हात कुणी जोडले होते, हे त्या भावात कुठंच नसतं.

सरकारी कचेरीतल्या सत्यनारायणाचं तसं नाही. तिथं जोडीनं पाटावर बसतात ते साहेब, आणि वर्षाकाठी हाताखालच्यांचा कार्यमूल्यमापन अहवाल लिहितात तेही साहेबच. ‘कुणावर सक्ती नाही हं,’ असं ते आवर्जून सांगतात. मग वर्गणीचा कागद फिरतो. सर्वांत वर साहेबांचं नाव, पुढं आकडा. मोठे बाबू त्याहून थोडा कमी लिहितात, कनिष्ठ लिपिक आणखी कमी, आणि कागद शिपायापर्यंत येईतो सगळ्या कचेरीची उतरंड त्यावर बिनचूक उतरलेली असते. (खात्याची ज्येष्ठता यादी एवढी बिनचूक लागलेली मी पाहिलेली नाही.) ज्याला यायचंच नाही, त्याच्यासाठी मात्र कागदावर रकाना नसतो.

साहेब मनानं चांगलेही असतील, श्रद्धा खरी असेल. टेबलाच्या काचेखाली गणपतीचा फोटो ठेवणारा लिपिक कुणाला काय त्रास देतो? अडचण होते ती आमंत्रण वरून खाली आलं की. आरतीला कोण नव्हतं हे साहेब मोजत नसतीलही; मोजत असतील, एवढी शंका माणसाला टाळ्या वाजवायला लावते.

नाशिकमधलं असंच एक प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. अनुदानित शाळेतले शिक्षक संजय साळवे २००७ मध्ये प्रार्थनेला सगळ्यांबरोबर उभे राहिले, फक्त हात जोडले नाहीत. पुढं वरच्या वेतनश्रेणीची वेळ आली तेव्हा ती बेशिस्तीचं कारण देऊन नाकारली गेली. नोव्हेंबर २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला: शिक्षकाला हात जोडायला भाग पाडणं हा मूलभूत हक्कांचा भंग आहे. म्हणजे तळहाताला तळहात लागला नाही, एवढ्यावरून इतकी वर्षं पगारवाढ अडून राहिली होती. साळवे कोर्टात गेले. बहुतेक जण जात नाहीत. हात जोडतात आणि कामाला लागतात.

सक्ती नाही म्हणता ना साहेब, मग यंदा पूजा तुमच्या रजेच्या दिवशी ठेवा. वर्गणीचा कागद फिरवू नका, दाराशी बंद डबा ठेवा. शिरा किती उरला, ते दुसऱ्या दिवशी शिपायाला विचारा.