शेरा बदलून मागावा काय?



२०२२ साली मुंब्र्याला अग्निवीरांचा भरती मेळावा झाला. आपल्या ठाणे-कल्याण परिसरातील मुले अशा मेळाव्यांसाठी वर्षभर पहाटे उठून धावतात. निवड झाली की पेढे वाटले जातात, चौकात अभिनंदनाचा फलक लागतो. पुढे सहा-आठ महिन्यांनी त्यांतलाच एखादा आपली काळी ट्रंक घेऊन कल्याण स्टेशनात उतरतो, तेव्हा मात्र त्याला घ्यायला फारसे कोणी आलेले नसते. प्रशिक्षणात कोणाचा गुडघा जातो, कोणाचा मणका दुखावतो, कोणाला आकडी येते, कोणाचे मन आजारी पडते. मेडिकल बोर्ड त्याला तपासते, सेवेस अपात्र ठरवते व घरी पाठवते. अशा पुष्कळ मुलांच्या कागदावर एक शेरा असतो : सदर आजार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही.

या एका ओळीवर बरेच काही अवलंबून असते. अपंगत्व पेन्शन नाकारली जाते ती याच ओळीच्या आधारे. शेजारीपाजारी ती ओळ वाचत नाहीत. पण तिचा अर्थ त्यांनी आधीच लावलेला असतो. ‘झेपले नाही वाटते’, ‘पळून आला काय?’ घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘जाऊ दे बाळा, देवाची इच्छा.’ आणि मुलगा विचारतो, फादर, मी अपील करू की नको? ख्रिस्ती माणसाने सरकारच्या दारी मान मागत फिरावे काय?

हा प्रश्न आम्हांला सोपा वाटत नाही. सोशिकता हा सद्गुण आहेच. तरीही ‘देवाची इच्छा’ हे शब्द फार लवकर उच्चारले की ते देवाच्या नव्हे, कचेरीच्या सोयीचे होतात.

गेल्या काही वर्षांत हा विषय आपल्या राज्यातही चर्चेत आला. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, डेहराडूनची अकादमी व अशाच इतर संस्थांमधून १९८५ पासून सुमारे ५०० छात्रांना प्रशिक्षणातील दुखापतीमुळे किंवा आजारामुळे घरी पाठवण्यात आले. वृत्तपत्रांत त्यांच्या हकिगती आल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्या. नागरत्ना व न्या. महादेवन यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. अडचण अशी होती की छात्र अजून अधिकारी झालेला नसतो. त्यामुळे तो ‘माजी सैनिक’ ठरत नाही. त्याला मिळते ते सानुग्रह अनुदान. हक्क नव्हे, मेहेरबानी. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने माजी सैनिकांची आरोग्य योजना या मुलांना खुली केली. हे चांगलेच झाले. पण औषध मिळाले म्हणून नाव मिळाले असे होत नाही. वीस वर्षांचा असताना पाठीचा कणा मोडून बसलेल्या माणसाला आपण कोण होतो, याचे उत्तरही हवे असते.

आता त्या शेऱ्याकडे वळू. त्यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. आजार कशामुळे झाला, हा एक. त्याचा भार कोणी उचलावा, हा दुसरा. पहिला डॉक्टरांचा आहे आणि त्याचे उत्तर अनेकदा खरोखर सापडत नाही. आकडीचे बीज जन्मापासून होते की बर्फातल्या पहाऱ्याने आणि जागरणाने ते रुजले, हे छातीठोकपणे कोण सांगणार? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलची चार कारणे आम्हीही पाठ केली. त्यांतले एकही इथे पूर्ण पुरे पडत नाही. परंतु दुसरा प्रश्न न्यायाचा आहे आणि पहिल्याचे उत्तर मिळाले नाही तरी त्याचे उत्तर देता येते, द्यावेच लागते.

निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात उसन्या जनावराविषयी नियम आहे. शेजाऱ्याचा बैल कोणी मागून नेला आणि मालक जवळ नसताना तो जायबंदी झाला किंवा मेला, तर नेणाऱ्याने भरपाई करावी. बैल नेमका कशाने मेला हे मालकाने सिद्ध करावे, असे तिथे म्हटलेले नाही. धडधाकट नेला होतास, आता तू भर. शेतकऱ्यांच्या जगातला हा रोखठोक न्याय आहे. बैलासाठी जे मान्य, ते एका आईच्या मुलासाठी मान्य होऊ नये काय?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात याच दिशेने निकाल दिला. ते १९८५ साली सिग्नल्समध्ये भरती झाले आणि सुमारे नऊ वर्षांनी आकडीच्या विकारामुळे बाहेर पडले. अपंगत्व वीस टक्के ठरले, पण आजार मूळ प्रकृतीतला आहे असे सांगून पेन्शन नाकारली गेली. न्यायालयाचे म्हणणे असे की भरतीच्या वेळी कागदावर कोणत्याही आजाराची नोंद नसेल, तर आजार सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे; तसे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे सैनिकावर नाही, सरकारवर आहे. संशयाचा फायदा दुबळ्याला द्यावा, हे नीतिशास्त्रात आम्ही शिकलो होतो. इथे ते कायद्याच्या भाषेत वाचायला मिळाले. (२०२३ मध्ये सरकारने हे नियम नव्याने लिहिले आणि निवृत्त सैनिकांनी त्यांवर बरीच टीका केली. तेव्हा आपले प्रकरण कोणत्या नियमांत बसते, हे जाणकार वकिलाला विचारूनच ठरवावे.)

राहिला नम्रतेचा मुद्दा. संत इग्नेशियस यांचा पाय १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने मोडला. हाड वेडेवाकडे जुळले. उंची बुटात पाय शोभून दिसावा म्हणून त्यांनी ते पुन्हा कापून घेतले. पुढे स्वतःच त्यांनी या हौसेला पोकळ अभिमान म्हटले. अपील करणारा मुलगाही असाच बुटासाठी हाड कापून घेतो आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही. जे आपले नाही ते मागणे हा अभिमान. जे घडले ते तसेच लिहा म्हणणे हे सत्याला धरून आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी निंदेची तुलना चोरीशी केली आहे आणि माणसाचे चांगले नाव त्याच्या मालमत्तेहून मोलाचे मानले आहे. चोरीला गेलेली वस्तू परत मागणाऱ्याला आपण लोभी म्हणत नाही.

फिलिप्पै नगरात संत पौल व सीला यांना भरचौकात फटके मारून तुरुंगात टाकले होते. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांचा निरोप आला : सोडून द्या त्यांना. पौल गुपचूप निघून गेला असता तर कोणी त्याला नावे ठेवली नसती. त्याने नकार दिला. आम्ही रोमन नागरिक, चौकशीवाचून आम्हांला सर्वांदेखत मारले, आणि आता चोरासारखे मागच्या दाराने बाहेर काढता? त्यांनी स्वतः यावे आणि आम्हांला बाहेर न्यावे. अधिकारी आले, विनवणी करू लागले. मग पौल लुदियेच्या घरी गेला, तेथील बंधुजनांना त्याने धीर दिला आणि नंतरच नगर सोडले. त्या कोवळ्या मंडळीवर गुन्हेगारांची चेली असा डाग राहू नये, हेही त्याच्या मनात असावे असे आम्हांला वाटते. शेरा बदलून मागणारा मुलगाही बहुधा एकट्यासाठी मागत नाही. लग्नाची धाकटी बहीण असते, बाजारात जाणारी आई असते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भरतीच्या वेळी माहीत असलेला आजार ज्याने लपवला, त्याने हा युक्तिवाद करू नये. वरचा सारा न्याय ‘धडधाकट नेला’ या दोन शब्दांवर उभा आहे. शिवाय बोर्डावरचे डॉक्टर म्हणजे शत्रू नव्हेत. ज्याला उंचावर आकडी येऊ शकते त्याला तिथे पाठवणे हे त्याच्यावर आणि त्याच्या साथीदारांवर अन्याय करणारे ठरेल. त्याला घरी पाठवण्याचा निर्णय बरोबर असू शकतो. चुकीचे असते ते कारण. अपील करताना हा फरक मनात ठेवला तर जिभेवर कडवटपणा कमी येतो.

आणि आपल्या धर्मग्रामाचे काय? आपलेही एक मेडिकल बोर्ड मिस्सानंतर चर्चच्या आवारात भरते. सेमिनरीतून प्रकृतीमुळे परत आलेला मुलगा, नोव्हिशिएटमधून परत आलेली मुलगी, यांच्यावर आपण काय शेरे मारतो ते आम्ही ऐकले आहे. त्या शेऱ्यांविरुद्ध अपील करायला कोणते न्यायाधिकरण नाही. सैन्यातून आलेल्या मुलासाठी निदान २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे.

तेव्हा ज्या घरी असा मुलगा आहे त्यांनी त्याचे कागद रागाने फाडू नयेत की ट्रंकेच्या तळाशी दडवू नयेत. भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल, मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत, डिस्चार्ज बुक आणि उपचारांचे सारे कागद एका फाईलला लावावेत. अपिलाला मुदत असते, म्हणून उशीर करू नये. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करावी. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीत या. मुलाला बरोबर आणा, त्याच्या वतीने एकट्या आईने येऊ नये.