एंटर कोणी दाबलं?

एक्सेलमध्ये हजारभर नावं आहेत आणि तीच एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची आहेत. फाईल थेट उचलून घेण्याची सोय त्यात नाही. मग ऑपरेटर नाव कॉपी करतो, पेस्ट करतो, टॅब दाबतो; जन्मतारीख, टॅब, गाव, एंटर. मग पुढची ओळ. शाळेपासून पतसंस्थेपर्यंत कितीतरी माणसांचा दिवस असाच जातो. संध्याकाळी मनगट धरतं, डोळे चुरचुरतात.

हे काम संगणकावरच सोपवण्याची साधनं फुकट मिळतात. १९९९ मध्ये ऑटोइट आलं, २००३ मध्ये ऑटोहॉटकी. पायथन येणारे पायऑटोगुई वापरतात. क्रम एकदा लिहून दिला की स्क्रिप्ट माणसाऐवजी बटणं दाबते, माऊस हलवते, क्लिक करते. यात गैर काही नाही. दिवसभर टॅब दाबत बसण्यात कसलीही थोरवी नाही आणि त्यातून कोणाची सुटका होत असेल तर ती व्हायलाच हवी.

मात्र हाच वेग दुसऱ्याच्या हक्कावर चालून जाऊ शकतो. रेल्वेच्या तत्काळ तिकिटांची विक्री एसीसाठी सकाळी १० वाजता, इतर वर्गांसाठी ११ वाजता सुरू होते. घरी बसून नाव-वय टाईप करणारा प्रवासी आणि क्षणात फॉर्म भरणारं सॉफ्टवेअर यांची ही शर्यतच नव्हे. डिसेंबर २०१७ मध्ये असं बेकायदा सॉफ्टवेअर बनवल्याच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली ती आपल्याच एका सहायक प्रोग्रामरला. जुलै २०२५ पासून ऑनलाईन तत्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची झाली आणि पहिली ३० मिनिटं एजंटांना बंदी आली. रांगेतल्या माणसाची जागा हिरावणारं हे काम उघडच चुकीचं आहे.

कचेरीतला प्रश्न इतका उघड नाही. तिथे हेतू चांगला असतो, पण स्क्रिप्ट बहुधा आंधळी असते. माऊस स्क्रीनवर कुठे न्यायचा, एवढंच तिला ठाऊक. मध्येच अपडेटची सूचना आली किंवा नेट मंदावून पान उशिरा उघडलं, की गावाचं नाव आडनावाच्या रकान्यात जाऊन पडतं. माणूस अशा वेळी थबकतो. स्क्रिप्ट पुढच्या शेकडो ओळी तशाच भरत सुटते. पायऑटोगुईत यासाठी एक सोय मुळातच आहे: माऊस स्क्रीनच्या कोपऱ्यात नेला की सगळं थांबतं. पण त्यासाठी खुर्चीत कोणीतरी बसलेलं हवं आणि त्याचं लक्ष हवं. नोंदीमागे पैसे मिळत असतील तर पाहत बसायला कोणाला परवडतं?

चुकलेल्या नोंदीचं मोल महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. सातबारा संगणकावर आला तेव्हा हस्तलिखित आणि संगणकीय उताऱ्यांत तफावती राहिल्या. त्या नोंदी करणारे हात माणसांचेच होते, तरीही. नाव किंवा क्षेत्र चुकलं की जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करायचा, कागद जोडायचे, हेलपाटे घालायचे. चूक एका क्षणाची, पण ती निस्तरायची ज्याने केली नाही त्याने.

याच काळात, २०१७ मध्ये, गावोगावी चावडी वाचन झालं. संगणकावरचे उतारे गावकऱ्यांसमोर वाचायचे आणि चूक असेल तर खातेदाराने तिथेच सांगायची. ज्याची नोंद, त्याच्या कानावर ती घालायची, इतका हा साधा न्याय आहे. स्क्रिप्टने भरलेल्या नोंदींना तर तो जास्तच लागू पडतो, कारण त्या भरताना कोणी वाचलेल्याच नसतात.

डेटा एंट्रीची कामं ठेक्याने देणाऱ्या कार्यालयांनी म्हणूनच करारात दोन अटी घालाव्यात. कोणत्या नोंदी स्क्रिप्टने भरल्या ते लिहून ठेवावं. आणि त्या कायम होण्याआधी मूळ कागदाशी ताडून पाहणाऱ्या माणसाची सही घ्यावी, त्या वाचनाच्या वेळेचे पैसेही त्याला द्यावेत.