भिंतीतला एक दगड

नेगेवमध्ये मित्स्पे रामोन गावाला लागून मख्तेश रामोन ही सुमारे ४० किलोमीटर लांबीची खोल दरी आहे. तिच्यातील एका तिरप्या खडकावर मेंढ्याच्या शिंगाप्रमाणे वळलेले शेकडो दगडी शंख दिसतात. काही तर ताटाएवढे आहेत. हे अमोनाइट नावाचे समुद्रजीव. सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी हा भाग समुद्राखाली होता. भारतात आपले हिंदू शेजारी ज्या शाळीग्रामाची पूजा करतात, त्यातही बहुधा याच वर्गातील जीवाचा ठसा असतो. ही जागा राखीव असून तेथून दगड उचलण्यास कायद्याने बंदी आहे.

तोरामधील सहा दिवस आणि ही कोटी वर्षे यांचा मेळ कसा घालावा, हा वाद आपल्यात निघतो. बाराव्या शतकातच रामबाम यांनी लिहून ठेवले आहे की, जगाविषयी एखादी गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली तर शास्त्रवचनाचा अर्थ तिला धरून लावता येतो. तेव्हा त्या वादात आम्ही शिरत नाही. आमचा प्रश्न साधा आहे: तेथील एक दगड मुलासाठी घरी आणला तर काय बिघडले?

कोणी म्हणेल, ऊन, वारा व पूर त्या भिंतीची झीज करीतच आहेत. मग आमच्या एका दगडाने काय होणार? यावर शेमोथच्या २२ व्या अध्यायातील ठेवीचा नियम पाहावा. शेजाऱ्याची ठेव चोरीस गेली व चोर सापडला नाही, तर फुकट सांभाळणारा राखणदार सुटतो. पण आपण स्वतः तिला हात घातला नाही, हे त्याला देवासमोर सांगावे लागते. झीज आपल्या हातची नाही. उचलणे मात्र आपल्याच हातचे आहे.

शिवाय दगड कोणत्या थरात आहे, यावरून जाणकार त्याचा काळ ठरवितात. कपाटात आणून ठेवला की तो मुका होतो. आपल्या परंपरेप्रमाणे गलबत फुटून बुडालेले आपले पूर्वज कोकणात नवगावला पुरले आहेत. त्यांचा लेखी कागद आपल्याजवळ नाही. ती जागा हीच आपली साक्ष. तेथे जाणाऱ्या प्रत्येक बांधवाने आठवण म्हणून एकेक दगड आणला असता, तर पुढच्या पिढीला आपण काय दाखविले असते?

म्हणून सुटीत मुलाबाळांसह मख्तेश अवश्य पाहावा. मुलाने दगड मागितला तर नुसते रागावू नये. ही ठेव त्याच्या नातवंडांचीही आहे, एवढे त्याला समजावून सांगावे.