जास्वंदीचे मोती

मनुष्य निवृत्त झाला की एक तर पेटी शिकतो, नाही तर होमिओपथीचं पुस्तक आणतो. मी दोन्ही टाळलं, यात शेजाऱ्यांचं पुण्य असावं. मी फक्त माळ्यावरून चाळीस वर्षांपूर्वीची पन्नास मिलिमीटरची लेन्स काढली, मुलाने दिलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर ती एक कडं लावून बसवली आणि घरामागच्या बागेत शिरलो.

या लेन्सला स्वतःची अक्कल नाही. अंतर आपणच जुळवायचं. छिद्र पूर्ण उघडलं की हातभर अंतरावरच्या फुलाचा चार-पाच मिलिमीटरचा पट्टा काय तो स्पष्ट, बाकी सगळं धुकं! मग माणूस श्वास रोखून, पुढेमागे डुलत एका पाकळीकडे असा बघतो, की मुलगी बघायला गेला तेव्हाही त्याने असं बघितलेलं नसतं. त्यातून कॅमेरा काळ्यापांढऱ्यावर लावलेला. रंग हे कॅलेंडरवाल्यांचं काम, असं माझं मत. (काळ्यापांढऱ्यात लाल जास्वंद आणि तिची हिरवी पानं एकाच करड्या रंगाची होऊन बसतात, हे मी चारचौघांत सांगत नसे.)

त्याच सुमारास ही लेकीच्या बाळंतपणाला गेली. जाताना म्हणाली, "आईच्या जास्वंदीकडे जरा बघा हो." तिच्या आईने दिलेल्या फांदीचं झाड ते. आई गेली, माहेरची बाग गेली, हे उरलं.

मी बघितलं. पंधरा दिवस दुसरं काही बघितलंच नाही. पानं रोज उजळत होती, शेंड्यांवर मोती लगडत होते. पिवळं पडत चाललेलं पान काळ्यापांढऱ्यात काय तेजस्वी दिसतं! तिसऱ्या दिवशी कडं अगदी हलक्या हाताने फिरवत होतो, तो एका मोत्याला पाय दिसले.

पिठ्या ढेकूण.

साबण मोरीत होता, दहा पावलांवर. पण उद्याचं तिरपं ऊन आणखी छान पडणार होतं. म्हटलं, एकच दिवस. अशा एकेका दिवसाचे बारा झाले.

युक्तिवाद पुष्कळ सुचले. एडवर्ड वेस्टनने १९३० साली पत्र्याच्या नरसाळ्यात ढोबळी मिरची ठेवून जगप्रसिद्ध फोटो काढला, तेव्हा मिरचीला कोणी विचारलं होतं? पण ती मिरची त्याच्या सासूबाईंची नव्हती. दुसरं म्हणजे, हिने 'बघा' म्हटलं होतं आणि मी बघत होतो. मराठीत बघणं आणि सांभाळणं यांना एकच शब्द का ठेवला, कोण जाणे. मला त्यातला सोयीचा अर्थ सापडला आणि झोपही चांगली लागत असे.

ही आली ती चपला न काढताच मागे गेली. काही बोलली नाही. कात्री आणली, गुडघ्याइतका खुंट ठेवून बाकी छाटलं, साबणाचं पाणी मारलं.

गणपतीत कॉलनीच्या प्रदर्शनात माझ्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. खाली नाव होतं, 'दवबिंदू'.

"काय दव टिपलंय हो!" अध्यक्ष म्हणाले.

ही शेजारीच उभी. आता सांगते की काय, म्हणून माझे हातपाय गार. ते पुढे गेल्यावर तिने हळूच विचारलं, "कितव्या दिवशीचा हा?"

"पहिल्याच," मी म्हणालो.

तिने चष्मा सारखा केला आणि ती मोती मोजू लागली.