सोयऱ्याकडून किती घ्यावे?

तुकोबारायांच्या अभंगात झाडे-वेली नातलग होतात. कीर्तनात आपण तो दृष्टांत म्हणून ऐकतो आणि घरी जातो. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीत राहणाऱ्या माळकऱ्याची त्या अभंगाने पंचाईत होते. त्याची चूल लाकडावर, घराचे छप्पर बांबूवर, उन्हाळ्यातला पैसा मोहफुलावर आणि तेंदूपानावर. झाडाला सोयरे म्हणायचे आणि कुऱ्हाडही त्याच्यावरच चालवायची, हे कसे जमावे?

काही जण म्हणतात, अभंगातले झाड म्हणजे एकांताची खूण. भंडारा डोंगरावरचा एकांत त्यात आहे, हे खरेच. पण तेवढेच सांगायचे असते तर नात्याचा शब्द कशाला हवा होता? सोयरा म्हटला की देणेघेणे आले, मानपान आला. सोयऱ्याच्या घरी आपण पोटभर जेवतो. त्याची कणगी उपसून आणत नाही.

तुळशीशी आपण असेच वागतो. वारीत माउली तिला डोक्यावर घेऊन चालतात, रोज विठोबासाठी तिची पानेही खुडतात. मात्र द्वादशीला तिला हात लावीत नाहीत.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी चिमूर तालुक्यातील गोंदोड्याच्या रानात साधना केली. त्यांच्या खंजिरी भजनात झाडे शस्त्रे होतील, दगड बॉम्ब होतील, अशी वाणी उमटली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर पेटले आणि पुढे महाराजांना नागपूर व रायपूरच्या तुरुंगात जावे लागले. संताच्या तोंडी झाडाचे शस्त्र झालेले पाहून अनेकांना अवघडल्यासारखे होते. मला वाटते, संकटात धावून येतो तो सोयराच. रान त्या भजनात माणसांच्या बाजूला उभे राहिले. चिमूरला दोन्हीकडची माणसे गेली, म्हणून हे म्हणताना जीभ थोडी अडखळते, इतकेच.

गडचिरोलीतील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे गाव आहे. वनहक्क कायद्याने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. तेथे बांबू कापतात, विकतातही. पण तो निर्णय एकट्याचा नसतो. ग्रामसभा बसते आणि एकमत होईपर्यंत बोलते. घेण्याआधी विचारणे म्हणतात ते हेच. त्या गावाने अभंगाचा अर्थ कुणाकडून ऐकला नसेल, पण मला तो तेथे अधिक नीट कळतो.

मोहाचे फूल तर तोडावेही लागत नाही. चैत्रात पहाटे ते आपणहून गळते, बायाबापड्या टोपल्या घेऊन वेचतात. पण फूल नीट दिसावे म्हणून झाडाखालच्या पाल्याला कोणी काडी लावतो, वारा सुटतो, आणि आग रानभर पसरते. कोवळी रोपे, पाखरांची घरटी, सगळे जाते. पाला खराट्याने लोटूनही फुले वेचता येतात. वेळ थोडा अधिक लागतो.